खळीच्या टबातलं बाळंतपण

मित्रांनो, मी एक जुना टब आहे आणि सध्या मी अतिशय वैतागलेला आहे. आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा असतो हे मला ठाऊक आहे. पण माझं सगळं लक्ष माझ्या पोटातल्या मातीकडे लागलेलं आहे, तेव्हा जन्माचं थोडक्यात उरकतो.

एका कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात गेलं आणि मी बाहेर आलो. रंग दुधी, त्यामुळे माझ्या आत काय आहे ते बाहेरून अंधूक दिसतं. लांबी एखादं लहान मूल पाय पसरून बसेल एवढी. एका लाँड्रीवाल्याने मला निवडलं आणि मी चौदा वर्षं त्याच्या दुकानामागच्या खोलीत खळ सांभाळली. खळ म्हणजे कपडे कडक करायचं पांढरं, चिकट पाणी. डॉक्टरांचे कोट, वेटरांचे सदरे, टेबलांवरची कापडं, सगळे माझ्यात बुडून ताठ होऊन गेले. लोक कपड्यांचं कौतुक करायचे. लाँड्रीवाल्याचंही करायचे. माझं कोणी केलं नाही, पण त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही.

पुढे फवाऱ्याच्या डब्यातली खळ आली. त्यातच एकदा गरम इस्त्री माझ्या काठाला लागली आणि एका बाजूची मूठ वितळून वाकडी झाली. झालं! मला माळ्यावर टाकलं आणि माझ्यात मोडके हँगर भरले. पाच वर्षं मी हँगर सांभाळले. एकही हँगर कधी कोणी मागितला नाही.

या घरात माणसं तीन. लाँड्रीवाला, त्याची बारा वर्षांची मुलगी बारकी, आणि लाँड्रीवाल्याची थोरली बहीण, म्हणजे बारकीची आत्या. इस्त्रीचं टेबल आत्याच्या ताब्यात. तीस वर्षं इस्त्री केल्यामुळे तिला कुठे चुणी दिसली की तिच्या जिवाला चैन पडत नाही. बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईचा पदरसुद्धा ती सारखा करते. एकदा बारकीच्या चित्राचा कागद चुरगळलेला दिसला म्हणून तिने त्यावर इस्त्री फिरवली. मेणाचे खडू इस्त्रीला चिकटले आणि दुसऱ्या दिवशी एका वकिलाच्या शर्टावर हिरवं झाड उमटलं. स्वभावाने अगदी सोन्यासारखी बाई, पण हाताला म्हणून स्वस्थता नाही.

चौथा जीव म्हणजे पैलवान. हा वाळवंटी जातीचा पाळीव सरडा. हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी, आणि राग आला की ती दाढी फुगवून काळी करायची खोड. एक गिऱ्हाईक ‘पंधरा दिवस सांभाळा’ म्हणून त्याला काचेच्या पेटीसकट ठेवून गेलं आणि परत फिरकलंच नाही. त्याला दोन वर्षं झाली. बारकीचा त्याच्यावर इतका जीव, की शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी ती पेटीपाशी जाते.

तर दोन महिन्यांपूर्वी पैलवानाचं पोट सुटलं. मग त्याने खाणं सोडलं आणि दिवसभर पेटीची काच ओरबाडायला सुरुवात केली. लाँड्रीवाला म्हणाला, “अपचन झालं असेल.” बारकी रडकुंडीला आली, म्हणून सगळे त्याला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी माळ्यावरच होतो. पण परत आल्या आल्या आत्याने खोलीच्या दारातूनच जो पुकारा केला, तो मला काय, समोरच्या चांभारालाही ऐकू गेला.

“अहो, ऐकलंत का! आमच्या पैलवानाला दिवस गेलेत!”

पैलवान मादी निघाली होती. नाव बदलायचा ठराव त्याच संध्याकाळी आला आणि बारकीने तो फेटाळला. त्यामुळे पैलवान ती पैलवानच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं बारकीने वहीत लिहून आणलं होतं. तिने ते मोठ्याने वाचलं. जोडीला नर नसला तरी कोंबडीसारखी ही मादीही अंडी देते. त्यातून पिल्लं निघणार नाहीत. पण अंडी बाहेर यायलाच हवीत, नाहीतर ती आत अडकतात. ओल्या मातीत खोल बीळ खणल्याशिवाय ती अंडी देत नाही, तेव्हा मोठा टब हवा. माती आणि वाळू अशी भिजवायची की मुठीत दाबली तर लाडवासारखी राहील आणि पाणी गळणार नाही. सकाळी तिला आत सोडायचं, दुपारी दमली की तासभर दिव्याखाली ऊब द्यायची आणि पुन्हा आत सोडायचं. शेवटची ओळ वाचताना बारकीचा आवाज बारीक झाला.

“शनिवारी सकाळपर्यंत अंडी आली नाहीत तर ऑपरेशन. आणि डॉक्टर म्हणाल्या, ती त्यातून उठेलच असं सांगता येत नाही.”

तो मंगळवार होता. ताबडतोब माळ्यावरून मला उतरवलं. हँगर बाहेर, मला साबणाने दोनदा घासलं आणि तीन पाट्या माती आत. काय सांगू, मित्रांनो, पाच वर्षांनी कामाला लागलो होतो! इस्त्रीच्या टेबलाखाली, भिंतीच्या कडेला मला बसवलं आणि अर्ध्या भागावर जुना टॉवेल टाकून आडोसा केला. मनाशी म्हटलं, आता दाखवू यांना.

पण या तिघांच्या काळजीने मला नुसता वात आणला.

बुधवारी सकाळी पैलवान आत आली. पोटाच्या दोन्ही बाजूंना गोट्या भरल्यासारखे उंचवटे, चाल जड. तिने चारी कोपरे हुंगले आणि डावीकडच्या कोपऱ्यात पुढच्या पायांनी खणायला लागली. एवढ्यात बारकीने टॉवेल उचलला. “खणतेयस का गं?” पैलवान थांबली. टॉवेल खाली गेला. तिने पुन्हा सुरुवात केली, तोच पुन्हा टॉवेल वर! शाळेची वेळ होईपर्यंत असं अकरा वेळा झालं. अगं, तुझ्या डोक्यावरचं पांघरूण दर पाच मिनिटांनी कोणी ओढलं तर तुला झोप येईल का?

ती गेली तर लाँड्रीवाला आला. हातात कपड्यांवर पाणी मारायची बाटली. “माती सुकायला नको,” असं पुटपुटत त्याने फसाफसा फवारा मारला, थोडा पैलवानाच्या डोळ्यांत गेला. गिऱ्हाईक आलं म्हणून तो गेला. गिऱ्हाईक गेलं म्हणून परत आला आणि पुन्हा फवारा. मुठीत दाबून बघायचं त्याला एकदाही आठवलं नाही. माझ्या तळाशी पाणी साचायला लागलं.

एवढं सगळं सोसून पैलवानाने दुपारपर्यंत स्वतःचं अर्धं अंग जाईल एवढं बीळ खणलं होतं. मी खूश होतो. मग आत्या आली. तिने दमलेल्या पैलवानाला अलगद उचलून दिव्याखाली ठेवलं, पाठीवरून बोट फिरवलं, “दम खा गं बाई,” म्हणाली. इथवर सगळं उत्तम. मग तिने माझ्यात पाहिलं.

“अरे देवा! काय हा पसारा!”

आणि बाईने दोन्ही तळहातांनी सगळी माती बिळात लोटली, वरून थापटली आणि इस्त्रीच्या टेबलावरची लाकडी पट्टी आणून टोकापासून टोकापर्यंत फिरवली. अशी सपाट केली की वर चादर अंथरावी.

मी ओरडलो. म्हणजे मला ओरडायचं होतं. टबाला ओरडता येत नाही, याचा इतका संताप मला जन्मात कधी आला नव्हता.

ऊब घेऊन पैलवान परत आली. बीळ गायब! तिने ती जागा हुंगली, मान वाकडी करून पाहिलं आणि निमूटपणे दुसऱ्या कोपऱ्यात पहिल्यापासून सुरू केलं. संध्याकाळी तिला पेटीत ठेवलं आणि आत्याने तोही कोपरा सारखा केला. बारकी शिकवणीहून आली तेव्हा माती कशी, इस्त्रीच्या चादरीसारखी.

“आत्या, तिने आज खणलंच नाही का?”

“छे गं. नुसता पसारा केला.”

बघा! आत्या खोटं बोलली नव्हती. खणणं म्हणजे विहिरीसारखं काहीतरी होणार आणि त्यात अंडी दिसणार, अशी तिची समजूत. कोपऱ्यातली माती उपसणं हा तिच्या मते पसारा. आणि ‘पसारा म्हणजे काय’ हे विचारायचं बारकीच्या डोक्यात आलं नाही, तिच्या बापाच्याही नाही.

गुरुवारी हेच झालं. पुन्हा टॉवेल, पुन्हा फवारा, पुन्हा पट्टी. पैलवानाची नखं झिजली. दाढी दिवसभर काळी. दुपारनंतर ती खणायची, थांबायची, डोळे मिटून पडून राहायची. बारकीने डॉक्टरीणबाईंना फोन केला. “खणतच नाही हो ती.” तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर बारकी जेवली नाही. आत्या तिची समजूत काढत होती आणि समजूत काढता काढता हाताने माझ्यातली माती सारखी करत होती. मला त्या घटकेला तडा गेला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी लाँड्री बंद असते. शाळा अर्धी होती. बारकी दुपारी आली, पैलवान दिव्याखाली डोळे मिटून पडलेली, माझ्यातली माती सपाट. उद्या सकाळी दवाखाना. बारकी जमिनीवर बसली आणि माझ्या अंगाला गाल टेकून रडायला लागली. मलाही रडू फुटत होतं, ते मी कबूल करतो.

पलीकडच्या खिडकीतून ऊन माझ्यावर येत होतं. रडता रडता तिचं हुंदके देणं थांबलं. तिने डोळे पुसले आणि नाक माझ्या अंगाला लावून आत बघायला लागली. दुधी प्लास्टिकमधून तिला दिसलं ते असं: दाबून बसलेल्या गडद मातीत, वरून तिरका खाली गेलेला फिकट, भुसभुशीत मातीचा पट्टा. त्याच्या पलीकडे आणखी एक. पलीकडच्या कोपऱ्यात तिसरा. आणि प्रत्येकाच्या कडेने माझ्या आतल्या अंगावर नखांचे बारीक ओरखडे.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “ही बिळं कोणी बुजवली?”

“कसली बिळं? कोपऱ्यातली उकर होय? मी बुजवते की रोज.” आत्या रुमालांच्या घड्या घालत होती. “दोनदा बुजवते. ती जाते उकरून. का गं?”

बारकीने नुसतं बोट दाखवलं. आत्या गुडघ्यांवर बसली, तिनेही आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिच्या तोंडाचा रंगच उडाला.

“अगं, म्हणजे तीन दिवस ती... आणि मी...” आपल्या दोन्ही हातांकडे ती अशी बघायला लागली, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

लाँड्रीवाला बाटली घेऊन दारात आला होता. “ताई, तू हे असं कसं केलंस गं?”

“बाबा, ती बाटली खाली ठेवा आधी!” बारकी कडाडली. तिने माझ्यातली माती मुठीत घेऊन दाबली. बोटांतून पाणी गळलं. “हे बघा! ही माती की चिखल?”

“आणि तू काय कमी आहेस?” बाप म्हणाला. “सारखा टॉवेल उचलून बघत असतेस.”

वाहवा! तीन दिवस माझ्या मनात जे होतं, ते तिघांनी एकमेकांना सांगून टाकलं. मला तेवढाच दिलासा.

मग मात्र कामं भराभर झाली. ओली माती काढली, कोरडी मिसळली, मूठ दाबून पाहिली. माती बसवल्यावर बारकीने एका कोपऱ्यात बोटांनी उताराची सुरुवात करून दिली. पैलवानाला आत सोडलं, माझ्यावर मोठी चादर टाकली आणि तिघं दुकानात जाऊन बसली. आत्या पुन्हा पुन्हा दारापर्यंत यायची आणि परत फिरायची. तिची चप्पल मला ऐकू येत होती.

पुढचं मी एकट्याने पाहिलं. पैलवान बराच वेळ हललीच नाही. मला वाटलं, संपलं. दमली ती, आता नाही व्हायचं. मग तिने तो उतार हुंगला आणि पाय चालवला. हळूहळू ती सगळी आत गेली, फक्त शेपटीचं टोक बाहेर. आत ती उलटी वळली आणि शांत झाली. एक एक अंडं माझ्या तळाशी टेकलं. मऊ, पांढरं, किंचित लांबट. एकोणीस! ती बाहेर आली तेव्हा पोटाची कातडी लोंबत होती आणि ती उभ्या उभ्या थरथरत होती. तरीही तिने स्वतःच बीळ बुजवलं, तोंडाने माती दाबून दाबून बसवली. त्या अंड्यांत काही नव्हतं, हे तिला कोण सांगणार? तिने तिचं काम चोख केलं. मला तिचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून बारकीला शाबासकी दिली. मातीचंही कौतुक केलं म्हणे. टबाचा विषय निघाला नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही कोणाला पाळाल, कोणाला सांभाळाल, तेव्हा आपला हात त्याच्या कामी येतो आहे की आपल्याच जिवाच्या समाधानासाठी चालला आहे, एवढं एकदा थांबून बघा. तीन मायेची माणसं एका जिवाला कशी मारत आणतात, ते मी जवळून पाहिलं आहे.

आज पाच आठवडे झाले. पैलवानाने सकाळपासून पुन्हा काच ओरबाडायला घेतली आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दुसऱ्यांदाही होऊ शकतं. बारकी शाळेत आहे. आत्याने कोणालाही न सांगता मला धुतलं, माती भिजवली, चार वेळा मुठीत दाबून पाहिली आणि पैलवानाला आत सोडलं. आता ती समोर स्टुलावर बसली आहे. कोपऱ्यात मातीचा हा एवढा ढीग झाला आहे, थोडी माती उडून फरशीवरही आली आहे. आत्याने आपले दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून ठेवले आहेत.

लाँड्रीवाल्याने दारातून विचारलं, “ताई, वकिलाचे शर्ट?”

“राहू देत चुरगळलेले,” आत्या दबक्या आवाजात म्हणाली. “ती खणतेय.”