बारा ते एक

बाराला पाच कमी असताना एनोराने दारावरची घंटा स्वतःच दाबून पाहिली. वाजली. तरी तिने पुन्हा एकदा दाबली.

आठशे मीटर पळणाऱ्या बाईने भ्यावं कशाला? टाचेच्या शिरेला, मागून येणाऱ्या कोपराला, फार तर वयाला. एनोरा केरलेओ भ्यायची ती या घंटेला. उत्तेजक चाचणीवाले न सांगता येतात. खेळाडूने रोजचा एक तास आणि एक पत्ता आधी कळवायचा, आणि त्या तासात तिथे हजर असायचं. बारा महिन्यांत तीनदा सापडला नाही, की दोन वर्षं बंदी. एनोरा दोनदा चुकली होती. एकदा शिबिराला जाताना पत्ता बदलायचा राहिला, एकदा रेन शहरातल्या तिच्या खोलीची घंटाच बंद पडलेली. एकतिसाव्या वर्षी बंदी म्हणजे सगळंच संपलं. पहिली चूक पुसली जायला अजून अकरा दिवस होते.

म्हणून ती फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर बापाकडे, गोल्वेनकडे, येऊन राहिली. तिचं सरकारी टपाल तिथेच यायचं आणि उघडायचा गोल्वेनच. दुसऱ्या चुकीचं पत्र वाचून म्हातारा दोन दिवस जेवला नव्हता.

"बारा ते एक लिही," तो म्हणाला होता. "आपल्या गावात बाराला कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. सगळे जेवायला. तू घरात नाहीस असं होईलच कसं?" नवी घंटाही त्यानेच बसवली.

आज मोठी ओहोटी होती. गोल्वेन सकाळीच, उघड्या पडलेल्या चिखलात लोखंडी घोड्यांवर पिशव्यांतून वाढवलेल्या आपल्या कालवांकडे गेला होता, बारापर्यंत येतो म्हणून. बारा वाजून गेले. सूप निवलं. एनोरा खिडकी आणि घड्याळ यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत राहिली.

बारा बावीसला घंटा वाजली. आले एकदाचे! तिने धावत दार उघडलं.

दारात शेजारच्या मादाम कोरे, गळ्याला जेवणाचा रुमाल तसाच.

"पोरी, तुझा बाप... लोखंडी घोडा पायावर पडलाय त्याच्या. पाणी चढतंय."

"कोण म्हणालं?"

"त्याचाच फोन आला. म्हणाला, बंबवाल्यांना कळवा, पण एकपर्यंत एनोराला सांगू नका, तिचा तास आहे. मी त्यांना कळवलं गं. अर्धा तास लागेल म्हणाले. घास उतरेना, म्हणून आले."

तास सुरू झाल्यावर पत्ता बदलता येत नाही, हे तिला पाठ होतं. आणि उतारावर एक पांढरी मोटार हळूहळू घरांचे आकडे वाचत येत होती, तीही तिने पाहिली. पाहिली आणि पळाली.

धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव ताटावर बसलेलं. चिखलात पहिला बूट गेला, मग दुसरा. कालवांपर्यंत सव्वा किलोमीटर, आणि अर्ध्या वाटेवरचा ओढा भरायला लागलेला. आयुष्यभर ती घड्याळाशी पळाली, पण ते घड्याळ कधी असं पाणी होऊन पायांत शिरलं नव्हतं.

गोल्वेन कमरेएवढ्या पाण्यात होता. ओठ निळे.

"किती वाजले?" तो ओरडला. "घरी जा! अगं मूर्ख पोरी, घरी जा!"

"पापा, तू गप्प बस. पाय ओढ म्हटलं की ओढ."

"अकरा दिवस राहिलेत, एनोरा!"

"गप्प बस म्हटलं ना!"

तिने गुडघ्यावर बसून, नाकातोंडात पाणी जात असताना, तो घोडा खांद्यावर घेतला. पहिल्यांदा हललाही नाही. दुसऱ्यांदा तिला वाटलं, आता आपण दोघंही इथेच. तिसऱ्यांदा पाय सुटला. त्याला धरून ओढा पार करताना पाणी तिच्या छातीला लागलं, आणि पलीकडून बंबवाले धावत आले.

त्यांनी गोल्वेनला गाडीत घालून गुंडाळलं. त्याचे कोरडे कपडे आणायला ती घरी पळाली. दारात करड्या केसांची एक चाचणीवाली बाई पेटी आवरत होती. एक वाजून अकरा मिनिटं.

"तुमच्या शेजारणीने सांगितलं," बाई हळूच म्हणाली. "पण मला दार सोडता येत नाही. तुमचं कारण मी लिहीन. आणि घरात कुणी नव्हतं, हेही लिहावं लागेल. ते कारण मानायचं की नाही, वरचे ठरवतील. मला खरंच वाईट वाटतं."

एनोराने चिखलाच्या हाताने सही केली. मादाम कोरेंना तिने एवढंच बजावलं, पापाला यातलं काही सांगायचं नाही.

गाडीत गोल्वेनने तिचं मनगट धरलं. "आलं होतं का कुणी?"

"कुणी नाही."

"खरं?"

"खरंच रे, पापा."

म्हातारा हुंदका देऊन हसला. "वाचलो बघ! आता अकरा दिवस मी दारातच खुर्ची टाकून बसणार. बारा ते एक. टपालवाल्यालासुद्धा पत्रं आधी माझ्या हातात द्यावी लागतील."

"बस की," एनोरा म्हणाली, आणि त्याच्या गार पायांत मोजे चढवू लागली.