पिराजीनं काढलेला थर्मोस्टॅट

१९५३च्या डिसेंबरात गगनबावड्याच्या शाळेतल्या नृसिंह मास्तरांच्या बायकोला, लीलाला, सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि उजाडता उजाडता मुलगी झाली. मुलगी कसली, दोन तळहातांवर मावेल एवढा जीव. याआधीची दोन मुलं अशीच अवेळी आली होती आणि दिवस मावळायच्या आत गेली होती.

सुईण बायडाबाईनं पोरीला कापसात गुंडाळलं, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा लपेटला आणि बाहेर येऊन सांगितलं, "जीव हाय मास्तर, पर अंगात ऊब धरंना. कोल्लापूरच्या दवाखान्यात असल्या पोरांस्नी ठेवायची दिव्याची पेटी हाय म्हनं. तितवर ऊब टिकली तर पोरगी तुमची."

एस.टी. दहाला होती. मास्तर पळत लाकडाचे कंत्राटदार गणपतराव यांच्या घरी गेले. गावात मोटार तेवढी त्यांचीच. गणपतराव कोकणात उतरले होते. पण त्यांच्या पत्नी माईंनी नवऱ्याची वाट पाहिली नाही, ड्रायव्हर पिराजीला बोलावून किल्ली हातात दिली.

"घाबरू नका मास्तर," पिराजी म्हणाला. "ह्या गाडीत शेगडीच हाय की!"

ते खोटं नव्हतं. गाडी मूळची निलगिरीतल्या चहामळ्यावरच्या एका साहेबाची, पाच वर्षांपूर्वी गणपतरावांनी विकत घेतलेली. तिकडच्या थंडीसाठी त्यानं हीटर बसवून घेतला होता. इंजिन तापलं की त्यातलं गरम पाणी एका नळीनं डॅशबोर्डखालच्या पेटीत यायचं आणि पेटीमागचा लहानसा पंखा ती ऊब आत सोडायचा. पाच वर्षांत तो दोनदा लावला असेल, तोही गंमत म्हणून.

मागच्या सीटवर लीलाला निजवलं, तिचं डोकं मास्तरांच्या मांडीवर. बायडाबाई पोरीला घेऊन पुढं, हीटरसमोर बसली. पिराजीनं इंजिनाजवळचा, हीटरच्या नळीचा पितळी कॉक उघडला, गाडी सुरू केली, पंख्याचं बटण दाबलं. पंखा घरघरला. वारा आला, तो गार.

"इंजिन तापू द्या जरा," तो म्हणाला.

असळज मागं पडलं. बाहेर धुकं. वारा गारच होता. इंजिनातलं पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा खालच्या खुणेवरून हलला नव्हता. साळवण आलं तेव्हा बायडाबाईनं कापसात बोट घालून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पिराजी, रडायची थांबली रं. पाय बर्फ झाल्यात."

तेव्हा पिराजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं ब्रेक मारला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"काय झालं?" मागून मास्तर ओरडले. "थांबलात का?"

"मास्तर, इंजिन तापंस्तवर पानी अडवून धरायला आत एक झडप असती. थर्मोस्टॅट म्हनत्यात. ती न्हाय गाडीत. त्यामुळं पानी सारखं रेडिएटरमधनं फिरतंय आन् गार हुतंय. ह्या थंडीत ते तापायचंच न्हाय."

"कुणी काढली?"

"मीच. वैशाखात घाटात गाडी उकळत हुती म्हनून."

मास्तर खाली उतरले. शाळेत पोरांवर कधी छडी न उगारलेला माणूस. त्यांनी पिराजीची गळपट्टी धरून त्याला बॉनेटवर दाबला. "माझी तिसरी आहे ही! तिसरी! शेगडी आहे म्हणालात तुम्ही!" पिराजीनं हात वर केला नाही. मागच्या सीटवरून लीलाचा क्षीण आवाज आला, "अहो, सोडा त्यांना. गाडी चालवायचीय." मास्तरांचे हात आपोआप सुटले.

त्याच क्षणी पिराजी डिकीकडं धावला. आत त्याचं घोंगडं होतं. त्यानं त्याची चौपदरी घडी करून रेडिएटरच्या जाळीवर घातली आणि दोरीनं करकचून बांधली. पुढून वाराच लागला नाही तर पाणी तापेल, एवढाच हिशेब. काचेखाली बाहेरचा वारा आत घ्यायचं झाकण होतं, ते गंजून अर्धं उघडंच बसलं होतं. डोक्याचा पटका सोडून त्यानं त्या फटीत कोंबला.

"आता देवाचं नाव घ्या," म्हणून त्यानं गाडी दुसऱ्या गिअरमध्येच पळवली. इंजिन किंचाळायला लागलं. काटा हलला. मैलभरात बायडाबाई ओरडली, "आलं! ऊन वारं आलं की रं!" तिनं कापूस उघडून पोरीचे पाय हीटरपुढं धरले, चोळले, पुन्हा गुंडाळले. बऱ्याच वेळानं मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला. मास्तर पुढं वाकून नुसते ऐकत राहिले.

पण काटा थांबेना. कळे ओलांडेपर्यंत तो लाल खुणेला भिडला. बॉनेटमधून वाफ निघाली, गाडीत गंजाचा आणि तेलाचा वास कोंडला. "श्वास कोंडतोय माझा," लीला म्हणाली. बायडाबाईनं काचा उघडू दिल्या नाहीत. पिराजीनं मागच्या खिडकीची काच फक्त बोटभर खाली घ्यायला सांगितली, पोरीच्या अंगावर वारा येणार नाही अशी.

"घोंगडं काढा आता," मास्तर म्हणाले. "इंजिन जाईल."

"काढलं तर पोरगी जाईल."

"गणपतराव तुम्हाला ठेवणार नाहीत."

"गप बसा की मास्तर!" पिराजी खेकसला. त्याचे डोळे भरले होते आणि रस्ता नीट दिसत नव्हता.

रंकाळा दिसायला लागला तेव्हा इंजिनात काहीतरी मोठ्यानं तडकलं आणि गाडी जागच्या जागी मेली. पिराजी उतरून रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. भाजी उतरवून परतणाऱ्या टांगेवाल्याला घोडा आवरावाच लागला. बायडाबाईनं पोरीला आपल्या चोळीत, उघड्या अंगाशी धरलं, वरून मास्तरांचा कोट पांघरला. मास्तरांनी लीलाला उचलून टांग्यात ठेवलं. पिराजीला जागाच नव्हती. तो टांग्यामागं धावत राहिला.

दवाखान्यातल्या नर्सनं पोरीला घेतलं आणि म्हणाली, "जिवंत आहे. याहून जास्त मी आज सांगणार नाही."

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं लोखंडी झाकण, तडकलं होतं. दोन दिवसांनी गणपतराव माईंना घेऊन कोल्हापुरात आले, बॉनेट उघडून पाहिलं आणि किल्लीसाठी पिराजीपुढं हात केला. त्यानं किल्ली दिली, नोकरी गेली. माई मध्ये बोलायला गेल्या, पण त्यांचं चाललं नाही. पिराजी कोल्हापुरातच एका गॅरेजात लागला आणि रोज संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन बसू लागला. मास्तर आणि तो फारसं बोलत नसत. एकदा मास्तरांनी त्याच्या शर्टाच्या फाटक्या गळपट्टीकडं पाहिलं, मान खाली घातली आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढं ठेवली.

दवाखान्यात लीलालाही ताप भरला होता, तो पाचव्या दिवशी उतरला. पोरीचं मात्र रोज नवंच काहीतरी निघायचं. एक दिवस ती पिवळी पडली, एक दिवस दूध पोटात ठरेना. बायडाबाई गावाकडं न परतता दोघींसाठी तिथंच थांबली होती.

नवव्या संध्याकाळी आतून एक पोर मोठ्यानं रडायला लागलं. पिराजी ताडकन उठला.

"बायडाबाई, कुनाचं वो हे?"

बायडाबाईनं कान दिला. आत पाच-सहा पोरं होती. तिनं डोळे मिटून आणखी थोडं ऐकलं.

"आपलंच हाय," ती म्हणाली. "बस खाली."