अर्धी शाल

“ओढू नका... सैल,” रत्नप्रभा म्हणाली.

लवूने सुईवरचा धागा सैल सोडला. “आता?”

“आता दोन टाके... एकत्र.”

अंधेरीच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं लेथवर लोखंड कातलेला माणूस कांदिवलीच्या दोन खोल्यांत, खिडकीपाशी बसून, बायकोकडून विणकाम शिकत होता.

शाल सुरू केली होती रत्नप्रभाने. वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीत दीपगृहावर राहणारी बाई शाल विणते. ‘ती पांघरली की खांद्यावर लाटा फुटत,’ एवढंच त्यात लिहिलं होतं. नमुना कुठून असणार? मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या रत्नप्रभाने तो स्वतःच चौकटीच्या वहीत बसवला. वाचनमंडळाच्या वार्षिक बैठकीला ही शाल पांघरून जायचं, असं तिनं सगळ्या मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं.

शाल अर्धी झाली आणि तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ अडखळू लागली, ओठ एका बाजूला ओढला गेला. दवाखाना सोडला तर ती उंबरा ओलांडेना. एकदा डाव्या हाताने विणून पाहिलं आणि सुई भिरकावून दिली.

लवूने ती उचलली. “मला शिकव,” तो म्हणाला.

खालच्या मजल्यावरचा नंदकुमार एकदा डोकावला. “काय लवूशेठ, बायकांची कामं?”

“बस इथे, एक ओळ विणून दाखव,” लवू मान वर न करता म्हणाला. नंदकुमार चहा पिऊन गेला.

माघात एक घोटाळा झाला. चौदा ओळी खाली नमुन्यातलं जाळीचं एक भोक विणायचं राहून गेलं होतं. रत्नप्रभाला ते दिसलं तसं तिनं हात हलवला. “ऱ्हाऊ दे. कोणाक... दिसाचा नाय.”

“तुका दिसतला मां?” म्हणत त्याने चौदाही ओळी उसवल्या. पुन्हा विणायला चार दिवस लागले.

शाल पुरी झाली तेव्हा त्याने ती पलंगावर पसरली. तिची बाजू हवेसारखी हलकी, त्याची घट्ट. “माझी बाजू पत्र्यासारखी झाली गं,” तो ओशाळून म्हणाला.

तिने डावा हात शालीवरून फिरवला. त्याच्या बाजूवर जरा जास्त वेळ.

“बैठक... रविवारी ना?” तिने विचारलं.

रविवारी वाचनालयात बायकांनी तिला गराडा घातला. “झकास झालीय यार! अगदी कादंबरीतली!” मंडळ चालवणाऱ्या क्षमाने शालीचं टोक हातात घेतलं. “पण हात असा असताना केलीस कशी गं?”

“अर्धी... मी,” रत्नप्रभा म्हणाली. “अर्धी...”

शब्द अडकला. सगळ्याजणी तिच्या तोंडाकडे बघू लागल्या. लवू दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा होता. त्याला शब्द ठाऊक होता. शेजाऱ्यांपुढे, डॉक्टरांकडे, फोनवर, इतके महिने तिचे अडलेले शब्द तोच पुरवत आला होता. आताही तो जिभेवर आला. त्याने ओठ घट्ट मिटले आणि तो थांबला.

“यांनी,” ती शेवटी म्हणाली. आणि दाराकडे बघत पुढचं वाक्य जुळवू लागली.