मिळाल्याची वेळ

दाराची बेल वाजली. एकदाच, भीत भीत दाबल्यासारखी. नम्रताच्या मांडीवर शुभंकरचे डोळे नुकतेच मिटले होते. सहा वर्षांच्या ओवीनं चटईवरच्या चित्रातून मान वर केली, तशी नम्रतानं ओठांवर बोट ठेवलं. घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती.

सोसायटीच्या कमिटीसाठी उभं राहायचा अर्ज द्यायची मुदत पाचपर्यंत होती. सचिव म्हणून अर्ज घ्यायचे होते तिनंच. दुपारी अध्यक्ष संजय फोनवर मोठ्या आपुलकीनं म्हणाले होते, "वहिनी, पाचपर्यंत जरा पडून राहा. निवडणूक लागली की चिठ्ठ्या, मोजणी, सगळं तुमच्याच गळ्यात. होऊ दे बिनविरोध." तिनं हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

दाराखालून एक कागद आत सरकला. काठीचा ठकठक आवाज लिफ्टपर्यंत गेला. नागोराव.

कात्रजच्या या सोसायटीत पहिली निवडणूक त्यांनीच घ्यायला लावली होती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला चीर पाडून. बायकांनी सभेला काय नुसता चहा द्यायला यायचं का, हेही भर सभेत त्यांनीच विचारलं होतं. त्या वर्षी नवी नवरी नम्रता अकरा मतांनी निवडून आली होती. पुढे तो डबा माळ्यावर गेला. एकदा बिनविरोध झालं, मग पुन्हा झालं. आता तर सभाही फोनवरच्या ग्रुपमध्येच. मंजूर असेल त्यानं अंगठा दाखवायचा. नामंजूर असेल त्यानं काय दाखवायचं, ते ठरवायचं राहूनच गेलं.

शुभंकरला पाळण्यात ठेवून तिनं कागद उचलला, तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. 'मिळाल्याची वेळ' या रकान्यात तिनं तेच लिहिलं, ५.१०. त्यात खोटं काहीच नव्हतं. रात्री दूध पाजताना तिला तेवढंच टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी अर्ज बाद झाला, फलकावर अभिनंदन लागलं, संजयनी घरोघर पेढे दिले. संध्याकाळी मुलांना घेऊन ती खाली उतरली, तर लिफ्टपाशी नागोराव.

"उशीर झाला म्हणे आम्हाला," ते म्हणाले. "घड्याळ म्हातारं झालं असेल आमचं."

टोमणाच होता, आणि तो तिनं निमूट झेललाही असता. पण त्यांनी वाकून शुभंकरच्या टोपड्याची सुटलेली नाडी बांधली आणि हळूच म्हणाले, "परत बेल दाबणार होतो. म्हटलं, बाळ झोपलं असेल."

ते काठी टेकत निघून गेले. नम्रता तिथंच उभी राहिली. लिफ्ट आली, उघडली, रिकामीच वर गेली.

ओवीनं तिचा पदर ओढला.

"आई, आजोबांचा कागद आत आला, तेव्हा तू नुसती घड्याळाकडे का बघत बसली होतीस?"