छातीवरचं चिन्ह

ताईने पिशवीतून आधी वर्तमानपत्र काढलं, मग स्वतःच्या घरच्या भिंतीवरची तसबीर. दोन्ही धाकट्या भावाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"फरक शोध," ती म्हणाली.

तसबिरीत भाऊजी गोदामाच्या दारात उभे होते. नोकरीचा शेवटचा दिवस, निळा सदरा, खिशावर कंपनीचं पिवळ्या दोऱ्यांनी भरलेलं चिन्ह आणि चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोतही न सापडणारं हसू. वर्तमानपत्रात तेच भाऊजी, तोच सदरा, तेच हसू. वर मथळा होता: 'बाळांच्या दूध पावडरीत भेसळ, मुलं रुग्णालयात'.

त्याने वर्तमानपत्र जवळ ओढलं.

"हे कुणी दिलं यांना?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच फोटोच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेलं स्वतःचं नाव त्याला दिसलं.

"सापडलं का कोण ते?" ताई म्हणाली. "आता खालची ओळही वाच. मोठ्याने."

त्याला वाचवेना. ओळ त्याचीच होती: 'दूध पावडर कंपनीच्या गोदामात माल तपासणारा कर्मचारी.'

गल्लीत त्याला पाटीवाला म्हणत. दुकानांच्या पाट्या, कंपन्यांची फाटकं, रस्त्यावरच्या गाड्या यांचे फोटो काढून तो एका वेबसाइटवर विकायला ठेवी. जाहिरातीसाठीचा फोटो म्हणजे जिवाला घोर. त्यातलं प्रत्येक नाव, प्रत्येक चिन्ह पुसायचं, वर फोटोतल्या माणसाची परवानगीची सही घ्यायची. बातमीसाठीचा फोटो मात्र गरीब गाय. काही पुसायचं नाही, सही मागायची नाही. खाली जे आहे ते खरंखुरं लिहायचं, की झालं. संपत आलेला साबण नव्या वडीला चिकटवणारा हा माणूस. ताईला तसबीर करून दिल्यावर तोच फोटो नुसता पडून राहणार, हे त्याला बघवेना. सही घ्यायची तर भाऊजी शंभर प्रश्न विचारणार. म्हणून त्याने तो बातमीच्या खात्यात टाकला आणि विसरून गेला.

"ते डबे मोजायचे रे!" ताईचा आवाज फाटला. "आत काय आहे ते त्यांनी कधी उघडून पाहिलंय? आणि आता तर ते तिथे नाहीतसुद्धा! खालच्या मजल्यावरची छकुली रोज त्यांच्या कडेवर बसून शाळेच्या बसपर्यंत जाते. आज तिच्या आईने तिला दारातूनच आत ओढलं. ह्यांचे हात मात्र तसेच पुढे राहिले."

त्याने वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी सभ्य होता.

"फोटो खोटा आहे का?"

"नाही, पण हे तर केव्हाच निवृत्त झालेत."

"फोटोखाली तसं लिहिलं होतंत?"

"नाही."

"मग आम्हाला कसं कळणार? उद्या आतल्या पानावर दोन ओळी टाकतो."

आतल्या पानावरच्या दोन ओळी कोण वाचतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. वेबसाइटवरचा फोटो त्याने तिथल्या तिथे काढून टाकला. पण विकला गेलेला परत कसा आणणार?

"तू लोकांच्या सदऱ्यांवरची नावं पुसतोस ना?" ताई म्हणाली. "अशी पुसतोस, की होती याचा पत्ता लागत नाही. एरवी तेच तर सांगत असतोस. मग ह्यांचं पूस."

"छापलेलं कसं पुसू, ताई?"

ताईने तसबीर पुन्हा पिशवीत घातली, काच खालच्या बाजूला करून.

तो तिच्या मागोमाग निघाला. कॅमेऱ्याची पिशवी सवयीने खांद्यावर आली. हे लक्षात आलं तेव्हा ताईच्या घरचा जिना चढून झाला होता.

भाऊजी खिडकीत बसले होते. मांडीवर तोच सदरा, हातात ब्लेड. चिन्हाचा शेवटचा टाका ते उसवत होते. पायाशी पिवळ्या दोऱ्यांचा गुंता पडला होता.

"या, फोटोग्राफर," ते म्हणाले. "कापड अजून चांगलंय. टाकवत नाही."

"भाऊजी, मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं." त्यांनी सदऱ्यावर फुंकर मारली. "वर कंगवा मागितला असता."

ताई स्वयंपाकघरात गेली. तिथून नुसताच नळ वाहण्याचा आवाज येत राहिला.

भाऊजी उठले. सदरा अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, आरशात बघून केस बसवले आणि दारात जाऊन उभे राहिले, अगदी गोदामाच्या दारात उभे होते तसे. हसू तेवढं नव्हतं.

"काढ आता. आता मी जाहिरातीतसुद्धा चालेन की नाही?"

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. वर्षानुवर्षांच्या धुण्याने सदरा विटून राखाडी झाला होता. फक्त खिशावर, जिथे दोरे होते तिथे, कापड नव्यासारखं निळंशार होतं. चिन्हाचा आकार बरोब्बर उमटला होता. लांबूनही कुणाला ओळखू आलं असतं.

"गेलं ना रे सगळं?" भाऊजींनी विचारलं.

"गेलं," तो म्हणाला. "फक्त जरा हाताची घडी घाला."