एक कोन खोटा

मार्गशीर्षातली दुपार. समुद्र चिंचेने घासून उन्हात पालथ्या घातलेल्या परातीसारखा. वर झळाळ, खाली काळोख. फेस शुभ्र, वाळू शुभ्र, ऊन शुभ्र. आणि त्या शुभ्र निःशब्दतेच्या काठाशी माणसांची एक काळी रेघ, पश्चिमेकडे तोंड करून उभी.

सकाळी उत्तरेचा वारा उसळला, घटकाभर थैमान घालून निजला. गाबितवाडीच्या साऱ्या होड्या परतल्या. हरिश्चंद्र कुबलाची तेवढी परतली नाही.

समुद्राला कुंपण नसते, पायवाट नसते. तिथली जागा सापडते ती किनाऱ्याकडे पाहून. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकीमागे एक आल्या की एक सरळ रेघ मिळते. दुसरीकडच्या दोन जुळल्या की दुसरी. रेघा भेटतात तिथे पाण्याखाली खडक, आणि खडकाभोवती रक्तवर्णी, रत्ननेत्री तांबोशी मासळी. पाया भूमीवर, शिर जळावर, असा तो लवणजलावर आखलेला अदृश्य त्रिकोण. पायाकडचे दोन कोन कळले की तिसरा लपू शकत नाही. तो बिचारा आपोआप उघडा पडतो.

म्हणून ते दोन कोन कोणी कोणाला सांगत नाही. इथला माणूस ताटातला मासा देईल, अंगातला सदरा देईल. खूण विचारा, तो हवापाण्याच्या गप्पा काढेल.

हरिश्चंद्राचे सगळे खरेपण नावातच संपलेले. त्याच्या खडकाची खूण ठाऊक होती ती त्याच्या बायकोला, मंजुळेला. तीही नारळावर हात ठेवून घेतलेल्या शपथेसकट, की जमिनीवर असताना हे शब्द ओठांबाहेर काढायचे नाहीत, आणि बाबलपुढे तर मुळीच नाहीत. बाबल तिचा धाकटा भाऊ. वल्हे मारण्यात तरबेज, चौकशीत त्याहून तरबेज. जेवताजेवता तांबोशीचे कौतुक करायचा आणि हळूच विचारायचा, भावजी, आज ऊन कुठल्या अंगाने लागले? हरिश्चंद्र काटा काढत म्हणायचा, वरून.

सूर्य कलला. एका पारड्यात शपथ, एका पारड्यात कुंकू. मंजुळा मधल्या काट्यासारखी थरथरत राहिली. मग उठली, वाळू तुडवत गेली आणि बाबलच्या होडीत चढून बसली. किनारा मागे पडल्यावर, जमीन ऐकणार नाही इतकी दूर गेल्यावर, ती बोलली.

"कळस माडाच्या शेंड्यार घे. मगे पांढरी भिंत सुळक्याफाटी जावक व्हयी."

बाबलने घेतले. देवळाचा कळस वाकड्या माडाच्या शेंड्यावर आला. जुन्या जकातनाक्याची पांढरी भिंत काळ्या सुळक्याआड सरकली. त्रिकोण मिटला. नीलाभ, निर्मळ, निर्जन पाणी. ना होडी, ना वल्हे, ना माणूस.

त्याने बुडाला चरबी फासलेला शिशाचा गोळा दोरीने खाली सोडला, वर ओढला, चरबीला चिकटले ते बोटाने चोळून पाहिले. बराच वेळ चोळत राहिला.

"आक्का, हंय खडक नाय गे. चिखल आसा."

मग, तिच्याकडे न पाहता, "भावजीन तुका खोटा सांगलेल्यान."

मंजुळेच्या चेहऱ्यावरून एक लाट गेली. दिसली, फुटली नाही. इतक्या वर्षांचा संसार, आणि वाट्याला आलेला एक कोन खोटा. धन्याचे गणित मात्र अचूक: बहिणीचे तोंड कधी तरी भावापुढे उघडेल, हे त्याने धरले होते, ते उघडले. या हिशेबात चूक नव्हती. फक्त उरलेली रक्कम कोणाच्या नावावर पडेल, ते त्याने पाहिले नव्हते.

पण पुरते खोटे बोलायलाही वाव लागतो. रोज सारा गाव त्याला कळसाच्या रेघेवरून जाताना पाहत होता. ती रेघ लपवणे शक्य नव्हते. एक कोन खरा. म्हणजे खडक याच रेघेवर कुठे तरी. आणि इथे चिखल म्हणजे पाणी जास्त खोल, तेव्हा अलीकडे. रेघा निरुंद कोनात भेटतात तेव्हा किनाऱ्यावरची वीतभर चूक समुद्रात कोसभर लांबते.

बाबल किनाऱ्याकडे पाठ करून वल्ही मारू लागला. मंजुळा कळस धरून बसली. कळस डावीकडे ढळला की हात उजवीकडे, उजवीकडे ढळला की डावीकडे. गोळा खाली, गोळा वर. चिखल. पुन्हा खाली, पुन्हा वर. चिखल. पश्चिमेला सूर्य ताम्रवर्ण झाला, आरक्त झाला, टेकला. कळसावरचा उजेड विझत निघाला, आणि कळस गेला की हाती उरलेली एकुलती एक रेघही जाणार होती.

खडकावरच्या शिंपल्यांचा चुरा वर आला, तेव्हा गोळा पाहायची गरज नव्हती. समोर नांगराच्या दोराने ताणून धरलेली होडी पालथी तरंगत होती, एखाद्या झोपलेल्या जनावरासारखी. वरच्या कण्याला हरिश्चंद्राने आपला पंचा बांधला होता आणि दुसऱ्या टोकाचा फास करून त्यात मनगट अडकवले होते. तो फास पाण्यात हलत होता, रिता. गाठीजवळचे कापड त्याच्या मुठीच्या वळ्यांसकट उन्हाने वाळून खडखडीत झालेले. वारा निजल्यावरही तो कितीतरी वेळ इथे होता. सकाळ सरेपर्यंत, दुपार कलेपर्यंत, वाट पाहत.

मंजुळेने पंचा सोडला नाही. नुसता हात ठेवला. तेव्हा तिला दिसले, बाबलची मान वळू लागली आहे. किनाऱ्याकडे. वाईट हेतूने नव्हे. खडकावर आलेल्या माणसाची मान वळतेच, दुसरी खूण शोधत.

ती तर त्याच बाजूला तोंड करून बसली होती. तिला खूण आधीच दिसली होती. काळ्या सुळक्याच्या खाचेत नेमके बसलेले कौलारू छप्पर. तिचे स्वतःचे घर.

"बाबल, फाटी बघू नको."

तो थांबला. मान खाली घातली, वल्ही पाण्यातून उचलून मांडीवर घेतली. आणि ती एकटी पाहत राहिली: कळस गेला, माड गेला, सुळका काळोखात कालवला, सगळ्यांत शेवटी ते छप्पर गेले, हळू, हळू, कौलागणिक.