बावीस मिनिटांचा आवाज

ऑगस्ट महिन्यात कालव्याच्या चौतीस नंबरच्या दारातून एक कोटी ऐंशी लाख लिटर पाणी एका कोंबडीपायी वाहून गेलं.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. कालवे खात्याचा माणूस पट्टी घेऊन पाणी मोजायला आला तेव्हा अख्ख्या गावाने त्याला हेच सांगितलं, आणि मी तर गावात सरकारी टपाल वाटते, तेव्हा माझ्या शब्दाला थोडं वजन आहे. पाणी होतं तेवढंच होतं. कोंबडी नव्हतीच.

तर त्या नसलेल्या कोंबडीचे चार तुकडे कुकरात घालून गिझ्लेनमावशी झाकणावर गुडघा टेकून बसली होती. झाकण काही लागत नव्हतं. कुकर तिला लग्नात मिळालेला आणि अडतीस वर्षं माळ्यावर गुंडाळून ठेवलेला. रबर वाळून कडक झालं होतं. नवं रबर मीच त्या दिवशी पार्सलमधून आणून दिलं होतं, त्यामुळे पुढच्या सगळ्या प्रकरणात टपालखात्याचाही हात आहे असं म्हणता येईल.

कुकर इतकी वर्षं माळ्यावर होता, कारण तिचे यजमान, आर्मेलकाका. त्यांच्या मते कुकर हे भांडं नव्हेच, ती नुसती घाई. त्यांची आई कोंबडा आदल्या रात्री लाल वाइनमध्ये बुडवून ठेवायची, सकाळी बिडाच्या भांड्यात चढवायची आणि तीन तास त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. लोणी, डुकराची चरबी, ब्रँडी, आणि शेवटी रस दाट करायला कोंबड्याचंच रक्त. काकांनी कालव्याचं दार एकतीस वर्षं सांभाळलं, आणि दर रविवारी हे जेवले. मार्चमध्ये त्यांचं हृदय याबद्दल बोलायला लागलं.

ऑपरेशन झालं. काका घरी आले, आणि त्यांची भूक दिजों शहराच्या हॉस्पिटलातच राहिली. ब्याऐंशी किलोंचा माणूस जुलैअखेर साठावर आला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अठ्ठावन्नच्या खाली गेले तर परत हॉस्पिटल, आणि या खेपेला नाकातून नळी. काका मान डोलवायचे. मावशी सूप करायची, मासा करायची, अंडी करायची. काका ताटलीकडे न बघताच म्हणायचे, "आईचं नाही," आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. खिडकीपासून चार पावलांवर कालव्याचं दार, म्हणजे पुढेमागे फाटकं असलेला हौद; तो भरला की बोट वरच्या पाण्यात चढते, रिकामा केला की खाली उतरते. आता ते मावशी चालवायची.

आईचं ते, म्हणजे तो कोंबडा, डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून बंद केला होता. पण मावशी चिवट. तिने त्या कागदावरून उलटा हिशेब मांडला. कोंबड्याऐवजी कोवळी कोंबडी, कातडी काढून. लोणी नाही, तव्याला तेलाचा नुसता हात. चरबीऐवजी आळंबी. वाइन दीड पेला, तीही झाकण लावायच्या आधी उघड्यावर खळखळ उकळून घ्यायची, नाहीतर कुकरात तिची कच्ची चव अडकून बसते. रक्ताऐवजी कोरडं भाजलेलं पीठ आणि एक शिजलेलं गाजर कुस्करून. तीन तास गॅस चालू ठेवणं शक्यच नव्हतं. खात्याने माणसं कमी केल्यापासून मावशी सकाळभर स्कूटरवरून चार दारं चालवायची आणि सव्वाअकराला घरी यायची. एप्रिलमध्ये तिने भांडं मंद आचेवर ठेवून जायचा प्रयत्न केला होता. त्या दिवशी भांड्याबरोबर पडदाही शिजला. आणि काकांना जेवण बारालाच लागतं. तसं ते सगळ्या कालव्यालाच लागतं. बारा ते एक आमच्याकडे कालवा जेवतो, मग बोटीत कोणी का असेना.

म्हणून कुकर. बावीस मिनिटं.

गुडघ्याने झाकण लागलं. वरची झडप भिरभिरायला लागली आणि फुसफुस सुरू झाली. आतल्या खोलीत खुर्ची सरकली.

"गिझ्लेन, घरात साप आलाय का?"

"नाही."

"मग कुकर आहे."

बाराला काका टेबलाशी बसले. ताटलीतून वास चांगला येत होता, हे मी टपालखात्याच्या वतीने सांगते. काकांनी काटा उचलला आणि परत ठेवला.

"कुकरातली कोंबडी म्हणजे अपघातात सापडलेली कोंबडी," ते म्हणाले. "तिला स्वतःलाच कळत नाही काय झालं ते. मला काय कळणार?"

त्या दिवशी त्यांनी दोन द्राक्षं खाल्ली. वजन एकोणसाठ भरलं.  मावशी भांडी घासत राहिली, घासून झालेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा कुकर लावला. अर्धी कोंबडी उरली होती आणि तिला टाकवत नव्हती, एवढंच. इतक्यात एक डच नवराबायको बोट घेऊन दारापाशी आले. दुष्काळामुळे त्या आठवड्यातली ती पहिलीच बोट. मावशी गॅस तसाच ठेवून बाहेर धावली, बोट आत घेतली, मागची दारं लावली आणि दांडा फिरवून झडपा उचलल्या. झडपा उचलल्या की वरचं पाणी असं कोसळतं की शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर चिठ्ठी लिहावी. सात मिनिटांत बोट वर गेली. वर गेल्यावर डच बाईच्या लक्षात आलं की तिची टोपी खाली राहिली. बोट परत खाली. मग परत वर. असं एकूण एकवीस मिनिटं पाणी गर्जत होतं.

मावशी घरात आली तेव्हा कुकर बंद करायची वेळ नुकतीच झाली होती. तो तसाच टेबलावर नेणं बरं दिसणार नाही म्हणून तिने सगळं सासूच्या बिडाच्या भांड्यात ओतलं. काका आले, झाकण उचललं, वास घेतला.

"कधीपासून ठेवलंस?"

मावशीने आयुष्यात खोटं बोलून पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते कसं असतं तिला माहीत नव्हतं.

"आठपासून," ती म्हणाली.

"दिसतंच आहे," काका म्हणाले, आणि जेवले. दोन तुकडे, सगळी आळंबी, आणि शेवटी पावाने ताटली पुसून. मी दाराशी वीजबिल घेऊन उभी होते. मावशीने खूण केली, हलू नकोस. मी वीजबिलासकट बारा मिनिटं पुतळा झाले.

अडचण अशी की कुकरची फुसफुस लपवायला पाणी गर्जायला हवं, आणि डच लोक रोज टोपी विसरत नाहीत. आणि बोटी येईनाशा झाल्या होत्या. त्यात खात्याचा नवा हुकूम आला की पाणी वाचवा, चार बोटी जमल्याशिवाय दार उघडू नका. मावशीने सव्वीस वर्षांच्या नोकरीत खात्याचा एक हुकूम मोडला नव्हता. तिने मला विचारलं, ओगुस्तँची होडी अजून तरंगते का.

ओगुस्तँ म्हणजे आमचा निवृत्त बेकरीवाला. त्याला पोहता येत नाही आणि त्याच्याकडे मासे धरायची चपटी होडी आहे. पहिल्या दिवशी तो पोटाला दोन सायकलच्या ट्यूब बांधून आला. साडेअकराला होडी आत, अकरा पस्तीसला कुकरची झडप भिरभिरली की दांडा, सात मिनिटं वर, सात मिनिटं खाली, सात मिनिटं पुन्हा वर. उरलेलं बाविसावं मिनिट मावशी खोकून झाकायची. मग कोंबडी बिडाच्या भांड्यात, आणि कुकर बाहेर, लाइफबॉयच्या, म्हणजे तरंगत्या कड्याच्या, पेटीत. बुडणाऱ्या माणसाने ती पेटी उघडली असती तर त्याला गरम कुकर मिळाला असता, पण पाणीच इतकं कमी होतं की बुडायला कोणी मिळालं नसतं.

हे खेपा घालणं ओगुस्तँला एकट्याला जड जायला लागलं तेव्हा त्याची बायको रविवारची टोपी घालून बसायला लागली. मग महापौर आले, फायली घेऊन, कारण होडीत फोन लागत नाही. काका खिडकीतून बघायचे.

"कुठे चाललात?" ते विचारायचे.

"वर," ओगुस्तँ सांगायचा.

"मग?"

"मग खाली."

"छान," काका म्हणायचे. "हवापालट पाहिजेच माणसाला."

दिवसाला दहा लाख लिटर. अठरा दिवस. काकांचं वजन एकोणसाठवरून त्रेसष्ट झालं. डॉक्टरीणबाई काटा दोनदा बदलून बघून गेल्या. मावशी स्कूटरवरून जाताना शीळ घालायला लागली, आणि तिला शीळ येत नाही, त्यामुळे ते सगळ्या गावाला कळलं.

मग तो पट्टीवाला आला. वरच्या टप्प्यातलं पाणी रोज बारा वाजायच्या आत वीतभर खाली जातं, याचं कारण त्याला हवं होतं. महापौर म्हणाले, ऊन. ओगुस्तँ म्हणाला, खेकडे. मावशीला विचारलं तेव्हा ती लाल झाली आणि म्हणाली की ती तेव्हा स्वयंपाकघरात असते. हे निम्मं तरी खरंच होतं. पट्टीवाल्याने सगळं लिहून घेतलं, आणि आठवड्याने मीच हुकूम आणून दिला: पाणी कमी झाल्याने कालवा पुढील सूचनेपर्यंत बंद. दांड्यांना तार बांधून शिशाचं सील ठोकलं. दंड नाही, चौकशी नाही. फक्त शांतता.

पहिल्या शांत दिवशी मी मुद्दाम अकरा पस्तीसला टपाल घेऊन गेले. मावशी शेगडीपुढे उभी होती. वाइन उकळून झाली होती, कोंबडी आत होती, झाकण तिच्या हातात होतं. बाहेर कालव्याचं पाणी इतकं गप्प की माशाने कूस बदलली तरी ऐकू यावं.

"सोलेन, झाकण लावू का?" तिने हळूच विचारलं.

मी म्हटलं, मावशी, उघड्यावरच शिजव. ती म्हणाली, तासभर लागेल, आणि चरबी नाही म्हणून कोरडी पडेल, आणि कोरडी पडली की तो म्हणेल आईचं नाही. शेवटी तिने डोळे मिटून झाकण लावलं. झडप थरथरली, फिरायला लागली. पहिली फुस्स बाहेर आली.

आणि आतल्या खोलीत रेडिओ लागला.

लागला म्हणजे फुटला. कपाटातल्या काचा वाजायला लागल्या. त्या वेळेला रेडिओवर अ‍ॅकॉर्डियनचा कार्यक्रम असतो. आर्मेलकाका अ‍ॅकॉर्डियन ऐकू आलं तर लग्नातून उठून जातात, स्वतःच्या बहिणीच्या लग्नातूनही गेले होते. बावीस मिनिटं अ‍ॅकॉर्डियन चाललं. मग थांबलं. मावशीचा चेहरा उजळला.

"नशीब बघ," ती मला म्हणाली. "नेमकं आज त्याला रेडिओची हुक्की आली."

मी टपाल टेबलावर ठेवलं आणि निघाले. पत्रं वाटणाऱ्याने पत्रं वाचू नयेत, तसंच आहे हे.

चार दिवसांनी मावशी स्कूटरवरून दुसऱ्या दारांची सीलं तपासायला गेली असताना काकांनी मला आत बोलावलं. रेडिओवर टॉवेल टाकला होता. हात थरथरतो म्हणून एक अर्ज लिहून हवा, म्हणाले. मावशीला कळता कामा नये.

"काका, कुकरचं तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"दार भरायला सात मिनिटं लागतात," ते म्हणाले. "एकतीस वर्षं मोजलीत. पाण्याखाली काय फुसफुसतंय तेही कळतं मला. डच बाईच्या दिवशीच कळलं."

"मग खाल्लंत कसं?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. दारावर एक बदक बसलं होतं, सीलच्या शेजारी.

"तिला खोटं बोलता येत नाही गं. आणि माझ्यासाठी तिने एवढं मोठं खोटं उभं केलं, अख्खा कालवा लावला त्याला. त्यापुढे काटा खाली ठेवायला मला तोंड होतं का?" मग रेडिओवरचा टॉवेल सारखा करत म्हणाले, "रस आधी पातळ व्हायचा. आता जमायला लागलाय तिला. हे मात्र लिहू नकोस."

मी ते लिहिलं नाही. बाकीचं ते सांगतील तसं लिहिलं, वर तिकीट लावलं, आणि माझ्याच पिशवीत टाकलं:

मा. अभियंता, कालवे खाते, यांसी.

अर्जदार आर्मेल तिसो, निवृत्त दारवान, दार क्रमांक चौतीस, आदरपूर्वक कळवतो की कालवा बंद झाल्यापासून त्यास रोज बावीस मिनिटे अ‍ॅकॉर्डियन ऐकावे लागत आहे. अर्जदारास स्वयंपाकघरातले काही ऐकू येत नाही असा त्याच्या पत्नीचा समज असून तो समज टिकणे अर्जदाराच्या प्रकृतीस आवश्यक आहे. डॉक्टरांचा वजनाचा दाखला सोबत जोडला आहे.

तरी विनंती की कालवा बंद असला तरी रोज सकाळी ठीक अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी सदर दारातून एक बोट वर, खाली व पुन्हा वर अशी सोडण्यात यावी. बोटीत माणूस असण्याची अट नाही. बोट उपलब्ध नसल्यास नुसते पाणी सोडावे. पाणीही उपलब्ध नसल्यास खात्याने केवळ त्याचा आवाज पाठवावा, अर्जदार तो जपून वापरेल.